प्राग : पिढ्यांनी पुरे केलेले नगर

युरोपच्या प्रवासास निघणाऱ्या आपल्या बांधवांची पावले बहुधा पॅरिस, रोम, व्हिएन्ना अशा ठरलेल्या राजधान्यांकडे वळतात. या राजधान्यांच्या पंक्तीत मानाने बसणारी आणि मध्ययुगीन वास्तुवैभवाच्या बाबतीत त्यांपैकी कोणालाही हार न जाणारी एक नगरी खंडाच्या ऐन मध्यभागी, वल्टावा नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेली आहे. ती म्हणजे चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग. तेथील रहिवासी तिला ‘प्राहा’ म्हणतात. १९१८ पासून १९९२ अखेरपर्यंत ती चेकोस्लोव्हाकियाची राजधानी होती. १ जानेवारी १९९३ रोजी चेक आणि स्लोव्हाक अशी दोन स्वतंत्र राष्ट्रे झाली, तरी प्रागचे राजधानीपण अबाधित राहिले. ‘शतशिखरांची नगरी’ हे तिचे जुने बिरुद होय. टेकडीवर उभे राहून खाली दृष्टी टाकली असता शिखरांची संख्या शंभरावर थांबत नाही, हे कोणाच्याही ध्यानात येते.

प्राग हे काळाच्या तडाख्यातून सुदैवाने सुरक्षित राहिलेले नगर आहे, असे प्रवासवर्णनांतून पुष्कळदा वाचावयास मिळते. हे विधान अर्धेच खरे आहे. दुसऱ्या महायुद्धात वॉर्सा किंवा ड्रेस्डेन यांच्या वाट्याला जो सर्वनाश आला तो प्रागला चुकला, यात शंका नाही. परंतु महापूर, अग्निप्रलय, धर्मयुद्धे, परकी सत्ता आणि राज्यक्रांत्या यांपैकी कोणत्याही आपत्तीने या नगराला सोडलेले नाही. आज तेथे जे आपण पाहतो ते नुसते वाचलेले नाही, ते वाचवलेले आहे. कोणी पाया घातला, कोणी भिंती चढवल्या, कोणी पडलेले उभारले, आणि ज्याने आरंभ केला त्याला शेवट पाहावयास मिळाला नाही, ही प्रागच्या जवळजवळ प्रत्येक वास्तूची कथा आहे. ही कथा मनात ठेवून नगर पाहिले तर दोन दिवसांची सहल चिरकाल स्मरणात राहते.

नगराची रचना प्रथम समजून घ्यावी. नदीच्या उजव्या तीरावर ‘जुने नगर’ असून त्याच्या कुशीत योसेफोव्ह हा ज्यू लोकांचा प्राचीन मोहल्ला आहे. जुन्या नगराला लागून ‘नवे नगर’ पसरले आहे. हे नाव ऐकून मात्र कोणी फसू नये, कारण या नव्या नगराची स्थापना १३४८ सालची आहे! डाव्या तीरावर टेकडीच्या पायथ्याशी ‘माला स्त्राना’ म्हणजे धाकटे नगर आणि माथ्यावर राजवाड्यासह ह्राद्चानी. ही चार नगरे प्रत्येकी आपला कारभार पाहत असत. १७८४ साली सम्राट दुसऱ्या जोसेफने त्यांचे एकीकरण केले आणि आजचे प्राग अस्तित्वात आले.

या नगरीला थोरवी प्राप्त करून देणारा पुरुष म्हणजे बोहेमियाचा राजा चौथा चार्ल्स, चेक भाषेत कारेल. १३४६ साली तो राजा झाला आणि १३५५ साली रोम येथे त्याला पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट म्हणून अभिषेक झाला. इतक्या विस्तीर्ण साम्राज्याची राजधानी म्हणून त्याने प्रागची निवड केली. १३४८ या एकाच वर्षी त्याने नव्या नगराची आखणी केली आणि मध्य युरोपातील पहिले विद्यापीठ स्थापन केले. त्या विद्यापीठास आजही त्याचेच नाव आहे. १३७८ साली तो निवर्तला तेव्हा त्याने आरंभिलेली कित्येक कामे अर्धवट होती. कामे आपल्या आयुष्याच्या मापाने मोजणारा तो राजा नव्हता, आणि त्यातच त्याचे मोठेपण आहे.

प्रागदर्शनाचा आरंभ त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार्ल्स पुलापासून करावा, आणि तोही सूर्योदयाच्या सुमारास. दिवस वर आला की पुलावर चित्रकार, वादक आणि जगभरचे प्रवासी यांची एवढी दाटी होते की, दगडाकडे लक्ष जाणे कठीण. पहाटे मात्र नदीवरचे धुके, दोन्ही बाजूंना ओळीने उभ्या असलेल्या संतांच्या मूर्ती आणि समोर टेकडीवर हळूहळू उजळणारा राजवाडा असे दृश्य असते. या ठिकाणी पूर्वी एक दगडी पूल होता. १३४२ सालच्या महापुराने तो वाहून नेला. तेव्हा चार्ल्सने १३५७ साली नवा पूल बांधावयास घेतला. पायाचा दगड बसवण्यासाठी ज्योतिषांनी ९ जुलै रोजी पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांचा मुहूर्त काढून दिला, असे तेथे सांगतात. वर्ष, दिवस, महिना, तास आणि मिनिटे ओळीने मांडली तर १, ३, ५, ७, ९, ७, ५, ३, १ असा चढता-उतरता अंकांचा जिनाच तयार होतो. ज्यांच्या घरी पंचांग पाहिल्यावाचून पायाभरणी होत नाही, त्या आपणा लोकांना ही आख्यायिका परकी वाटणार नाही.

दुसरी आख्यायिका अधिक गमतीची आहे. चुना घट्ट बसावा म्हणून राज्यातील गावोगावांहून अंडी मागवण्यात आली. वेल्वारी नावाच्या गावच्या लोकांना वाटेत अंडी फुटतील अशी धास्ती वाटली, म्हणून त्यांनी ती उकडून पाठवली!

पुलाची लांबी ५१६ मीटर असून तो सोळा कमानींवर उभा आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी तो पुरा झाला, म्हणजे चार्ल्सच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी. १८४१ पर्यंत प्रागमध्ये नदी ओलांडावयास हा एकच पूल होता. त्याच्यावरील तीस शिल्पे पुष्कळशी सतराव्या-अठराव्या शतकांतील आहेत. त्यांत सर्वांत जुनी मूर्ती नेपोमुकच्या संत जॉनची, १६८३ सालची. या धर्मगुरूला १३९३ साली राजाज्ञेने याच पुलावरून नदीत लोटण्यात आले. मूर्तीच्या पायथ्याशी असलेल्या पितळी चित्रास हात लावला असता इच्छा पूर्ण होते अशी समजूत आहे. लाखो हातांच्या स्पर्शाने ते सोन्यासारखे चकाकते. १६४८ साली स्वीडिश सैन्याने डावा तीर काबीज केला, तेव्हा विद्यार्थ्यांनी आणि नागरिकांनी हाच पूल अडवून जुने नगर राखले. १८९० च्या पुरात त्याच्या तीन कमानी कोसळल्या आणि पुन्हा बांधल्या गेल्या. पावसापाण्याने झिजलेल्या कित्येक मूळ मूर्ती आता संग्रहालयात हलवल्या असून त्यांच्या जागी हुबेहूब प्रतिकृती उभ्या आहेत. जुने जपावयाचे तर वेळोवेळी नवे घडवावे लागते, हा धडा हा पूल आपल्याला पहिल्याच पावलाला देतो.

पुलाच्या पूर्वेकडील उंच मनोऱ्याखालून पुढे गेले की अरुंद, वळणावळणाच्या गल्ल्यांतून आपण जुन्या नगराच्या चौकात येऊन पोहोचतो. तेथील नगरभवनाच्या भिंतीवर जगप्रसिद्ध ज्योतिषघटिका आहे. दिवसा प्रत्येक तासाला तिच्याखाली माना वर करून उभे असलेले प्रवासी दिसतात. तास भरला की सांगाडारूपी मृत्यू एका हाताने दोरी ओढून घंटा वाजवतो, वरच्या दोन झरोक्यांतून येशूचे बारा शिष्य क्रमाने सरकत जातात आणि शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो. हा खेळ संपला की गर्दी पांगते. खरी पाहावयाची वस्तू मात्र त्यानंतर निवांतपणे पाहता येते.

ही घटिका १४१० साली कादानच्या मिकुलाश नावाच्या घड्याळजीने घडवली. तिचे गणित विद्यापीठातील ज्योतिर्विद यान शिन्देल याने मांडले, असे मानतात. तिच्या तबकडीवर केवळ वेळ नाही, संपूर्ण आकाश आहे. सूर्य कोणत्या राशीत आहे, चंद्राची कला कोणती, सूर्य क्षितिजाच्या वर आहे की खाली, हे सारे तिच्यावर वाचता येते. बाहेरच्या फिरत्या कड्यावर जुना बोहेमियन काल दाखवला आहे. त्यात चोवीस तासांची गणना सूर्यास्तापासून सुरू होते. आपल्या परंपरेत दिवस सूर्योदयापासून मोजतात व त्याचे साठ घटिकांत विभाजन करतात. तेथे सूर्यास्त, येथे सूर्योदय एवढाच भेद. माणसाचा दिवस सूर्याला बांधलेला असावा ही कल्पना दोन्हीकडे एकच आहे. राशिचक्रातील मेष, वृषभ, मिथुन या ओळखीच्या आकृती परक्या भिंतीवर पाहून मराठी मनुष्यास क्षणभर आपल्या घरचे पंचांग उघडल्यासारखे वाटते.

पुढे अशी दंतकथा रूढ झाली की, हनुश नावाच्या कारागिराने ही घटिका केली व त्याने तशी दुसरी कोठे करू नये म्हणून नगरपित्यांनी त्याचे डोळे काढले. कथा रोमहर्षक आहे, परंतु १४१० च्या दस्तऐवजाने कर्तृत्वाचा मान मिकुलाशला दिला आहे. घटिकेवर खरा घाला पडला तो १९४५ च्या मे महिन्यात. जर्मन सत्तेविरुद्ध प्रागचे नागरिक उठले असता ८ मे रोजी नगरभवनास आग लागली, घटिका होरपळली आणि लाकडी शिष्यमूर्ती जळून गेल्या. नव्या मूर्ती कोरून १९४८ साली घटिका पुन्हा चालू करण्यात आली. नगरभवनाची जळालेली बाजू मात्र पुन्हा बांधलेली नाही. तेथील मोकळी जागा त्या दिवसाची साक्ष देत आहे.

याच चौकाच्या फरसबंदीत सत्तावीस पांढरे क्रूस बसवलेले आढळतात. घाईने जाणाऱ्या प्रवाशाच्या ते पायांखालून जातात. ८ नोव्हेंबर १६२० रोजी श्वेतगिरीच्या लढाईत बोहेमियाच्या सरदारांचा हॅब्सबर्ग सम्राटाने पराभव केला आणि २१ जून १६२१ रोजी सत्तावीस पुढाऱ्यांना या चौकात देहदंड दिला. त्यांपैकी बारा जणांची मस्तके दहा वर्षे पुलाच्या मनोऱ्यावर टांगलेली होती. या पराभवानंतर चेक लोकांचे स्वातंत्र्य जवळजवळ तीनशे वर्षे लोपले. चौकातील टीन चर्चचे जुळे मनोरे सर्व नगरातून दिसतात. त्या चर्चमध्ये टायको ब्राहे या डॅनिश ज्योतिर्विदाची समाधी आहे. १६०१ साली तो प्रागमध्येच वारला. त्याने डोळ्यांनी घेतलेले ग्रहांचे वेध केप्लरच्या हाती आले आणि त्यांच्याच आधाराने प्रागमध्ये राहून केप्लरने ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षेचा नियम शोधून काढला. १६०९ साली तो प्रसिद्ध झाला. एकाने वेध घ्यावे आणि दुसऱ्याने त्यांतून नियम काढावा, हेही या नगरीच्या रीतीस धरूनच झाले.

चौकाच्या मध्यभागी यान हुसचे भव्य स्मारक आहे. हा पुरुष नीट समजून घ्यावयाचा तर चौकापासून थोड्याच अंतरावर असलेल्या बेथलेहेम प्रार्थनामंदिरात गेले पाहिजे. १३९१ साली हे मंदिर लोकभाषेतून प्रवचने व्हावीत एवढ्याच हेतूने स्थापन झाले. लॅटिन ही धर्माची भाषा असण्याच्या त्या काळात हुस येथे १४०२ पासून चेक भाषेत बोलू लागला. चेक लिपीतील अक्षरांवर खुणा देऊन उच्चार स्पष्ट करण्याची पद्धतही त्याच्याच नावावर सांगितली जाते. ज्यांच्या वाङ्मयाच्या उंबरठ्यावर ज्ञानेश्वर उभे आहेत, त्यांना या कार्याचे मोल निराळे सांगावयास नको. धर्मसत्तेने हुसला पाखंडी ठरवून ६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टन्स येथे जिवंत जाळले. त्याचे मंदिरही पुढे १७८६ साली पाडण्यात आले. १९५० ते १९५४ या काळात मूळ भिंतींचे जे अवशेष हाती लागले त्यांच्यासह ते पुन्हा उभारले गेले. आत शिरणाऱ्यास दिसते एक साधे, उंच दालन. तेथे मूर्ती नाही, सोने नाही. सारे महत्त्व शब्दाचे आहे.

योसेफोव्ह येथून पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथील जुनी वस्ती आरोग्याच्या कारणास्तव पाडण्यात आली. उरली ती सहा प्रार्थनागृहे, एक नगरभवन आणि एक स्मशानभूमी. सुमारे १२७० साली बांधलेल्या ‘जुन्या-नव्या’ प्रार्थनागृहात आजही उपासना होते. नगरभवनावरील एका घड्याळात हिब्रू अक्षरे असून त्याचे काटे उलट फिरतात, कारण हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. स्मशानभूमीतील सर्वांत जुनी शिळा १४३९ सालची. जागा वाढवून मिळेना, म्हणून साडेतीनशे वर्षे थरावर थर घालून दफने होत गेली. परिणामी सुमारे बारा हजार शिळा एकमेकींना रेलून दाटीवाटीने उभ्या आहेत.

शेजारच्या पिंकास प्रार्थनागृहात पाऊल टाकताच मनुष्य निःशब्द होतो. नाझींनी ठार मारलेल्या बोहेमिया व मोराव्हियातील सुमारे ७८,००० ज्यू स्त्री-पुरुष-बालकांची नावे त्याच्या भिंतींवर हाताने लिहिलेली आहेत. १९५० च्या दशकात ती प्रथम लिहिली गेली. १९६८ नंतर ओल आल्याचे कारण सांगून इमारत बंद करण्यात आली आणि दुरुस्तीच्या ओघात नावे नाहीशी झाली. १९९२ पासून १९९६ पर्यंत ती सर्वच्या सर्व पुन्हा लिहून काढण्यात आली. मृतांना पुन्हा जिवंत करणे कोणाच्याच हाती नसते. त्यांचे नाव पुन्हा लिहिणे मात्र माणसाच्या हाती असते, आणि प्रागने ते केले.

दुसरा दिवस राजवाड्यासाठी राखून ठेवावा. टेकडीची चढण दमवणारी आहे, म्हणून वयस्क मंडळींनी ट्रामने वर जाऊन पायी खाली उतरावे हे उत्तम. नवव्या शतकात वसलेला हा गड म्हणजे एकच वाडा नव्हे. चौक, चर्चे, प्रासाद, बागा आणि गल्ल्या यांचे ते एक छोटे नगरच आहे. १९१८ पासून येथे राष्ट्राध्यक्षांचे कार्यस्थान आहे. त्यांच्या ध्वजावर चेक भाषेत जे ब्रीदवाक्य आहे त्याचा अर्थ ‘सत्याचाच जय होतो’ असा आहे. मुंडकोपनिषदातील ‘सत्यमेव जयते’ हे वचन ज्या राष्ट्राच्या मुद्रेवर आहे, त्या राष्ट्रातून आलेल्या पांथस्थाने या ध्वजाकडे एकदा मान वर करून पाहावेच. चेक लोकांनी ते वचन उपनिषदांतून घेतलेले नाही. त्यांना ते हुसच्या शिकवणुकीतून मिळाले. दोन दूरच्या जनसमूहांना स्वातंत्र्यप्राप्तीनंतर एकच वाक्य आपल्या माथ्यावर धरावेसे वाटले, हे केवढे आश्चर्य!

जुन्या प्रासादातील व्लादिस्लाव्ह दालन १५०२ साली पुरे झाले. बासष्ट मीटर लांबीच्या या दालनात मधोमध एकही खांब नाही. छताच्या दगडी शिरा वेलीसारख्या एकमेकींत गुंफलेल्या आहेत. येथे घोडेस्वारांचे खेळ होत असत आणि घोडे वर आणण्याकरिता बांधलेला रुंद उतरता जिना आजही दाखवतात. दालनाला लागून असलेल्या कचेरीच्या खिडकीतून २३ मे १६१८ रोजी सम्राटाच्या दोन अधिकाऱ्यांना व त्यांच्या चिटणिसाला बंडखोर सरदारांनी खाली फेकले. तिघेही वाचले, परंतु त्या ठिणगीतून पेटलेले युद्ध तीस वर्षे युरोपला जाळीत राहिले.

गडाचा कळस म्हणजे सेंट व्हायटसचे महामंदिर. १३४४ साली आरासच्या मॅथियास या फ्रेंच स्थपतीने त्याचा आरंभ केला. १३५२ साली तो वारला. चार वर्षांनी चार्ल्सने पीटर पार्लर या अवघ्या तेवीस वर्षांच्या जर्मन तरुणाच्या हाती काम सोपवले. पार्लरने चाळीसहून अधिक वर्षे खपून छताच्या रचनेत अगदी नवी तऱ्हा आणली. आतील उंच सज्जात राजा-राण्यांच्या दगडी मुखवट्यांबरोबर मॅथियासचा आणि स्वतः पार्लरचाही मुखवटा आहे. कारागिराला राजाच्या रांगेत बसवणारे ते शिल्प मुद्दाम पाहण्यासारखे आहे. १३९९ साली पार्लर गेला. पुढे हुसच्या अनुयायांची युद्धे पेटली आणि काम थांबले. अर्धवट मंदिराच्या पश्चिमेस एक तात्पुरती भिंत घालण्यात आली. ती तात्पुरती भिंत काही शतके तशीच राहिली!

१८५९ साली मंदिर पूर्ण करण्यासाठी नागरिकांनी एक संस्था स्थापन केली. स्थपतींच्या पिढ्या बदलल्या, एक साम्राज्य लयास गेले, एक नवे राष्ट्र जन्मास आले, आणि १९२९ साली, संत व्हेन्सेस्लासच्या निर्वाणाची सहस्राब्दी मानून, मंदिर पूर्ण झाले. पायाभरणीपासून ५८५ वर्षे झाली होती. पश्चिमेकडील निम्मा भाग नवा आणि पूर्वेकडील निम्मा जुना आहे, हे सांगितल्यावाचून कळत नाही. आत डाव्या हाताला अल्फोन्स मुखा या चित्रकाराने रेखाटलेली रंगीत काचेची खिडकी आहे. उजवीकडे संत व्हेन्सेस्लासचे गर्भगृह आहे, ज्याच्या भिंती तेराशेहून अधिक मौल्यवान खड्यांनी मढवलेल्या आहेत. तेथील एका दारातून राजमुकुटाच्या कोठडीकडे वाट जाते. त्या दाराला सात कुलुपे असून किल्ल्या सात निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. सातही एकत्र आल्याखेरीज दार उघडत नाही.

गडावरून उतरताना दक्षिणेकडे पेत्रशिन टेकडीवर एक लांबच लांब दगडी तट दिसतो. त्याला ‘भुकेची भिंत’ म्हणतात. १३६० ते १३६२ या काळात चार्ल्सने ती बांधविली. दुष्काळात गोरगरिबांना काम आणि अन्न मिळावे हा तिचा हेतू होता, अशी लोकस्मृती आहे. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या माणसांची आठवण ज्या महाराष्ट्राला आहे, त्याला या नावाचा अर्थ समजावून देण्याची गरज नाही.

भुकेचा विषय निघालाच आहे, तर शाकाहारी मंडळींकरिता एक सूचना. चेक भोजनात मांसाचे प्राबल्य आहे. तथापि तळलेले चीज सर्वत्र मिळते, आणि फळांचे सारण भरून उकडलेले पिठाचे गोळे तर आपल्या मोदकाचे दूरचे आप्तच शोभतात.

सहलीचा शेवट नदीकाठच्या राष्ट्रीय नाट्यगृहापाशी करावा. ही वास्तू मध्ययुगीन नाही, पण हिच्यावाचून वरील सर्व कथा अपुरी राहील. श्वेतगिरीच्या पराभवानंतर चेक भाषा खेड्यापाड्यांत आणि स्वयंपाकघरांत उरली. कचेरीची आणि विद्यापीठाची भाषा जर्मन झाली. एकोणिसाव्या शतकात काही विद्वानांनी तिला पुन्हा उभी करण्याचा निश्चय केला. योसेफ युंगमान यांनी १८३४ ते १८३९ या अवधीत चेक भाषेचा पाच खंडांचा कोश प्रसिद्ध केला. त्या भाषेला स्वतःची रंगभूमी हवी म्हणून लोकांनी पैसा गोळा केला आणि १८६८ साली पायाभरणी झाली. ११ जून १८८१ रोजी नाट्यगृह उघडले. (त्याच्या काही महिनेच आधी, १८८० च्या ऑक्टोबरात, अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले होते.) आणि १२ ऑगस्ट रोजी, उद्घाटनाला पुरते तीन महिनेही झाले नव्हते तोच, ते आगीत भस्मसात झाले. मग जे घडले ते चेक लोक अजून अभिमानाने सांगतात. सत्तेचाळीस दिवसांत दहा लाख गुल्डेन जमले आणि १८ नोव्हेंबर १८८३ रोजी नाट्यगृह पुन्हा उघडले. रंगमंचाच्या माथ्यावर दोनच शब्द सुवर्णाक्षरांत कोरलेले आहेत. त्यांचा अर्थ : ‘राष्ट्राकडून स्वतःस’.

या नगरीशी आपला एक जिव्हाळ्याचा संबंध आहे, तो येथे नमूद करणे उचित होईल. १९२१ व १९२६ या साली रवींद्रनाथ ठाकुरांनी प्रागला भेट दिली, आणि तेथील एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. विंत्सेन्त्स लेस्नी या चेक पंडिताने त्यांचे काव्य थेट बंगालीवरून आपल्या भाषेत नेले. पण मराठी माणसाला अधिक जवळचे नाव मॉरिस विंटरनिट्झ यांचे वाटावे. महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध झाली पाहिजे, ही मागणी त्यांनी १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत मांडली. पुढे ते प्रागच्या जर्मन विद्यापीठात अध्यापक झाले आणि १९३७ साली त्याच नगरीत त्यांचा अंत झाला. युरोपातील योजना पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत मागे पडली. ते काम हाती घेतले पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने, १९१९ साली. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी १९२५ पासून त्याची धुरा वाहिली. आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले, एवढे विंटरनिट्झ यांना पाहावयास मिळाले. सुखठणकर १९४३ साली गेले. आवृत्ती पूर्ण झाली ती १९६६ साली. मॅथियासनंतर पार्लर आणि पार्लरनंतर आणखी कितीतरी, तशीच ही मालिका. फरक एवढाच की, हे मंदिर अक्षरांचे आहे.

परदेशी राहून आपली भाषा, आपले सण आणि आपले नाटक जतन करू पाहणाऱ्या मंडळींच्या मनात एक शंका वारंवार उठते. रविवारच्या वर्गात चार मुलांना बाराखडी शिकवून काय होणार? ही मुले मोठी होतील, आणखी कोठे जातील, आणि आपण मांडलेले सारे अर्धवटच राहील. प्रागने या शंकेला शब्दांत उत्तर दिलेले नाही. तिने आपले महामंदिर तेवढे दाखवले आहे. ज्याने पहिला दगड ठेवला त्याला शिखर दिसले नाही, आणि ज्यांनी शिखर चढवले त्यांनी पहिल्या दगडाचे ऋण मानले. मधली चारशे वर्षे एक तात्पुरती भिंत उभी होती एवढेच. पण तिच्याआड उपासना चालू होती, दिवा तेवत होता. पुढच्या सुटीत शक्य होईल त्यांनी ही नगरी अवश्य पाहावी, मुलांनाही बरोबर न्यावे, आणि महामंदिरात शिरल्यावर जुना भाग कोठे संपतो व नवा कोठे सुरू होतो, हे शोधण्याचे काम त्यांच्यावरच सोपवावे.